जायफळ माहीत नसलेली बाई

त्या बाईने हळदीचं ओलं कांड मोडून माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाली, "हे सॅफ्रन, डार्लिंग." मी मान डोलावली. मग दालचिनीची साल झाली, तमालपत्राच्या भावकीतलं वाटावं असं एक जाड पान चुरगाळून झालं, लवंगा झाल्या. शेवटी तिने टोपलीतून लहान पेरूएवढं पिवळं फळ काढलं आणि दोन अंगठ्यांनी फाकवलं. आत चकचकीत काळपट बी आणि तिला बिलगलेली लालभडक जाळी. "हे नटमेग. वरचं लाल ते मेस. एका फळात दोन मसाले! माहीत होतं तुला?"

आमच्या केळशीच्या वाडीत विहिरीच्या अंगाला जायफळाचं झाड होतं. शाळेतून आल्यावर सुपात वाळत घातलेल्या जायपत्रीची राखण माझ्याकडे असे. कोंबड्या हाकायच्या, सूप उन्हाबरोबर सरकवायचं, आणि पाऊस आलाच तर सूप आधी घरात, दप्तर नंतर. बोटांचा वास दोन दोन दिवस जात नसे. त्याच बोटांनी ते फळ हातात घेऊन, साठीला आलेली मी, भर बाजारात डोळे मोठे करून म्हणाले, "खरंच? नव्हतं हो माहीत."

खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं.

सेंट जॉर्जेसचा, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाच्या राजधानीचा, शनिवारचा बाजार. बोटीवरून आदल्या दिवशीच आम्ही हे बंदर गाठलं होतं. मी तिच्याकडून मसाल्यांची एक माळ घेतली. दोऱ्यात जायफळं, दालचिनीचे तुकडे, हळदीची वाळकी कांडं ओवलेली, पर्यटक बायका गळ्यात घालून फोटो काढतात तसली. एक मूठ सुटी जायफळंही घेतली, आणि तिने सांगितलेल्या भावाला घेतली. घासाघीस केली नाही, हे त्या दिवसातलं दुसरं आश्चर्य. दुपारी डिंगीतून बोटीकडे परत येताना नवऱ्याने विचारलं, "एवढी गप्प का?" मी म्हटलं, "ऊन लागलंय." हे तिसरं खोटं धरायला हरकत नाही.

आमच्या ह्यांची उभी हयात मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. वारा म्हणजे डेकवरच्या लोकांची भानगड, असं मानणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर एका मित्राबरोबर भागीत छत्तीस फुटी जुनी शिडाची बोट घ्यावी, हा विनोद मला अजून पचलेला नाही. मित्र मुलीच्या बाळंतपणाला घरी गेला, म्हणून ह्या खेपेला दोघंच होतो. मार्टिनिकहून एकेक बेट करत खाली आलो. ह्या बेटांत व्यापारी वारे पूर्वेकडून बारा महिने चोवीस तास असे वाहतात, की आठवडाभरात कानाला त्यांची सवय होते आणि ते थांबले की दचकायला होतं. कारियाकू हे ग्रेनाडाच्याच मालकीचं छोटं बेट. २०२४च्या १ जुलैला बेरील नावाच्या वादळाने ते जवळजवळ सपाट केलं होतं. आम्ही गेलो तेव्हा सात महिने झाले होते, तरी कित्येक छपरांवर अजून ताडपत्री होती. तिथे कस्टमचे कागद झाले आणि ग्रेनाडाकडे निघालो. वाटेत समुद्राच्या पोटात एक जिवंत ज्वालामुखी आहे. नाव किक एम जेनी. जेनीचा मूड कसा आहे ते आधी विचारून घ्यायचं आणि तिच्या डोक्यावरून न जाता वळसा घालायचा. नवऱ्याने नकाशावर तिच्याभोवती पेन्सिलने गोल काढला होता आणि दिवसभर तो त्या गोलाकडे असा बघत होता, जसा एखादा जावई सासुरवाडीच्या कुत्र्याकडे बघतो.

मग बेटाची पश्चिम बाजू लागली. वारा डोंगराआड गेला. कधी एकदम थप्पड मारल्यासारखा दरीतून यायचा, कधी शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायची. हिरव्यागार उतारावर घरं, मध्ये केळी, नारळ, आंबा. मी आपली नाळेवर बसून ओळखीचं काही दिसतंय का ते शोधत होते. नीरफणस दिसला. "अहो, आपला नीरफणस!" अळू दिसलं. "आपलं अळू!" डिंगी पाण्यात सोडताना मी त्यांना हेही ऐकवलं, की डिंगी हा शब्दही मूळचा आपल्याकडचाच, इंग्रजांनी नेला. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुझं आपलं सगळंच 'आपलं'."

हे वाक्य मला चार दिवसांनी जास्त लागलं.

बंदरात शिरताना मात्र 'आपलं' काहीच चालेना. आपल्याकडे समुद्रातून बंदरात येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा. कोळ्यांच्या पोरांनाही ते ठाऊक असतं. दोन्ही अमेरिका खंडांत आणि ह्या बेटांत ते उलट, लाल उजवीकडे. मी सुकाणूवर होते. डोक्याला पटलेलं हाताला पटत नव्हतं. लाल बोया दिसला की हात आपोआप चुकीच्या बाजूला वळायचा आणि ते ओरडायचे, "अगं, उजवीकडे! उजवीकडे ठेव त्याला!" आणि दुसरी गंमत म्हणजे इथल्या समुद्राला भरती-ओहोटी म्हणावी अशी नाहीच. पाणी चढतं-उतरतं ते फार तर दोन वीत. हर्णैच्या बंदरावर वाढलेल्या डोळ्यांना हे विचित्र वाटतं. आमचा समुद्र दिवसातून दोनदा पुरुषभर वर येतो, उधाणाला त्याहून जास्त, मग मैलभर चिखल उघडा टाकून निघून जातो. होड्या कधी तरंगतात, कधी कुशीवर पडून झोपतात. इथे धक्क्याच्या दगडावर शेवाळाची एक अरुंद हिरवी पट्टी आहे, बस. सकाळी डिंगी ज्या उंचीवर बांधली त्याच उंचीवर संध्याकाळी सापडते. श्वास रोखून धरलेल्या माणसाशेजारी बसल्यासारखं वाटायचं मला.

बंदर घोड्याच्या नालासारखं. कडेने गोल रस्ता, त्याला लागून जुन्या विटांची दोन-तीन मजली घरं, त्यांवर डोंगर चढत गेलेलं गाव. ह्या गोलाला केरेनेज म्हणतात, फ्रेंचांच्या वेळचं नाव, म्हणजे जहाजं कलवून साफ करायची जागा. जहाज रिकामं करायचं, डोलकाठीला दोर लावून ते एका कुशीवर कलवायचं, तळाला चिकटलेले शिंपले-शेवाळ खरवडायचं, मग दुसरी कूस. भरती-ओहोटी नसलेल्या देशात जहाजाचं पोट बघायचं तर त्याला असं ओढून पाडावंच लागतं. आमच्याकडे पावसाआधी होड्या वर ओढून शाकारतात, ते मला आठवलं. पण ह्यावेळी मी काही बोलले नाही. छपरं लाल कौलांची, माशाच्या खवल्यांसारखी छोटी छोटी कौलं. साखर न्यायला येणाऱ्या रिकाम्या जहाजांच्या तळाशी तोल राखायला नीरम लागतं, ते म्हणून युरोपातून विटा-कौलं भरून आणलेली. इथे ओझं उतरवायचं, साखर भरायची. म्हणजे गावाच्या डोक्यावरचं छप्पर हे जहाजाच्या तळातलं वजन. आणि ती साखर कोणाच्या पाठीवरून आली, ते सांगायला नको. गुलामी संपल्यावर मळ्यांना हात हवे होते, तेव्हा १८५७ साली 'मेडस्टोन' जहाज कलकत्त्याहून माणसं घेऊन इथे आलं. त्यांची डाळपुरी आता सगळ्यांची झाली आहे. केरेनेजवर मी ती उभ्या उभ्या खाल्ली. आत वाटाण्याच्या डाळीचा भुगा, वर बटाट्या-चण्याची पिवळी भाजी. विकणाऱ्या तरुण पोराला 'रोटी' हा शब्द कुठला असं कोणी विचारलं असतं, तर त्याने ग्रेनाडाचा असंच सांगितलं असतं. आणि ते काही चूक नव्हे.

केरेनेजवरून गावाच्या दुसऱ्या अंगाला जायला १८९०च्या दशकातला एक बोगदा आहे. अरुंद, एकेरी, दगडी. माणसांनी भिंतीला पाल चिकटते तसं चिकटून जायचं आणि मिनीबसने हॉर्न देत, गाणी वाजवत शेजारून जायचं. आतला ओला थंड वास, पेट्रोल, कोणाच्या तरी पिशवीतली तळलेली मासळी. बाहेर पडलं की एकदम ऊन आणि समुद्र. मी उगाचच त्यातून चार वेळा गेले. नवऱ्याला त्यात रस नव्हता. तो केरेनेजवरच्या एका पुतळ्यापाशी अडकला होता. हात उंचावलेला येशू. १९६१च्या ऑक्टोबरात 'बियांका सी' हे इटालियन प्रवासी जहाज ह्या बंदराबाहेर असताना त्याच्या इंजिनरूममध्ये स्फोट झाला, आग लागली. गावातल्या लोकांनी हाताला लागेल ती होडी काढली, साडेसहाशेच्या वर माणसं उतरवली, घराघरांत नेली, कपडे दिले, जेवू घातलं. जहाज कंपनीने नंतर हा पुतळा गावाला भेट दिला. "एकच माणूस जहाजावर गेला," नवरा म्हणाला. "इंजिनरूमचा." आणि टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला. तीस वर्षं जिथे नोकरी केली त्या जागेबद्दल त्याने घरी कधी भीतीचा शब्द काढला नव्हता.

किल्ल्यावर मात्र मी एकटी गेले, त्यांच्या गुडघ्याला चढ झेपेना. फोर्ट जॉर्ज. वरून केरेनेज पूर्ण दिसतं, हिरव्या पाण्यात आमची बोट भाताच्या शितासारखी. १९८३च्या १९ ऑक्टोबरला इथल्या अंगणात पंतप्रधान मॉरिस बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. घालणारे त्यांच्याच पक्षाच्या बाजूचे सैनिक. मृतदेह आजतागायत सापडले नाहीत. सहा दिवसांनी अमेरिकेचं सैन्य उतरलं. तो दिवस मला आठवतो, पण भलत्याच कारणाने. कानपूर कसोटीचा शेवटचा दिवस होता. वेस्ट इंडीजच्या मार्शलने त्या सामन्यात गावसकरांच्या हातातली बॅट उडवली होती आणि डावाने हरलो होतो, घरात सुतक होतं. संध्याकाळच्या बातम्यांत ग्रेनाडा हा शब्द आला तेव्हा दादा म्हणाला, "हे पण वेस्ट इंडीजच ना? चांगलं झालं." सतरा वर्षांची मी हसले होते. भिंतीवरच्या पाटीसमोर उभं राहून ते हसू आठवणं फारसं सुखाचं नव्हतं.

पण मी बाजाराबद्दल सांगत होते.

फळ फाकवून दाखवल्यावर ती बाई थांबली नव्हती. सत्तरीची असेल. डोक्याला रुमाल, नखांत मसाल्याचा तपकिरी मळ. ती म्हणाली, "पूर्वी माझ्या घरची असायची. आता विकत आणून विकते. आयव्हनने सगळी नेली." आयव्हन हे त्या देशात शेजारच्या वांड मुलाचं नाव असावं तसं घेतात. ७ सप्टेंबर २००४. दहातल्या नऊ घरांची पडझड, चर्चांची छपरं उडाली, आणि जायफळाची बहुतेक झाडं मुळासकट आडवी. तोपर्यंत जगात इंडोनेशियाच्या खालोखाल ह्या एवढ्याशा बेटाचा नंबर होता. "कॉफीचं झाड पडलं तर रडू नये," ती म्हणाली. "केळीचं पडलं तर हसावं. जायफळाचं पडलं तर?" आणि तिने तळहात उताणा केला. जायफळ फळायला सहा-आठ वर्षं, भरात यायला त्याहून किती तरी. साठीतल्या माणसाने लावायचं ते कोणासाठी? मी तेव्हाही म्हणाले, "अरेरे." जणू वादळ हा शब्दच प्रथम ऐकत होते.

२०२०च्या ३ जूनला निसर्ग आलं. टाळेबंदीचे दिवस. दादाचा फोन दोन दिवस लागला नाही, आणि तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलवरून तो एवढंच म्हणाला, "घर आहे. वाडी गेली." सुपाऱ्या एकावर एक अशा पडल्या होत्या की विहिरीपर्यंत जायला कोयत्याने वाट काढावी लागली. वहिनीने नंतर फोटो पाठवले. जायफळाचं झाड विहिरीच्या कठड्यावर आडवं होतं, मुळं आभाळाकडे, आणि फांदीला फळं तशीच. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. मग पुढच्या निरोपाकडे गेले. त्यानंतर मी केळशीला दोनदा गेले आहे. विहिरीकडे गेले नाही, चिखल होता असं म्हणाले. दोन्ही वेळा मे महिना होता.

म्हणजे गप्प राहण्याची कारणं शोधायची तर सापडतात. एक तर बाजारात "आमच्याकडेही पिकतं हे" म्हणणं म्हणजे आपल्या रक्तातली घासाघिशीची पहिली चाल. ती बाई तेच समजली असती. दुसरं, तिला सांगण्यात एवढी मजा येत होती की मध्ये तोंड घालणं जिवावर आलं. ही दोन्ही कारणं मी त्या रात्री नवऱ्याला सांगितली. डेकवर बसलो होतो, वारा पडला होता, किनाऱ्यावरून ढोलाचा आवाज येत होता. ७ फेब्रुवारी त्यांचा स्वातंत्र्यदिन, आणि आठवडाभर आधीपासून रस्त्याच्या कडेचे दगडसुद्धा लाल-पिवळे-हिरवे रंगवले होते. आमच्या डोलकाठीच्या उजव्या दांडीलाही त्यांचा झेंडा होता, पाहुण्या बोटीने लावायचा असतो तो. मीच शिवला होता, ब्लाउजपीसचे तुकडे जोडून, वाटेतल्या बेक्विया बेटावर वाऱ्याची वाट बघत बसलो होतो तेव्हा. त्या झेंड्याच्या हिरव्या त्रिकोणात जायफळ आहे, उकललेलं. परक्या लोकांना ती मिरची वाटते. "मला नाही कोणी जायफळ शिकवायला लागत," असं म्हणत मी लाल रेशमाने जाळी भरली होती, चार तास घालवून. नवऱ्याने वर झेंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "मग तिला का नाही म्हणालीस आपलं?"

खरं तर ते आपलं नाही, तिचंही नाही. अख्ख्या जगात जायफळ मुळात एकाच ठिकाणी होतं, बांदा बेटांवर. सावंतवाडीजवळचं बांदा नव्हे, पार इंडोनेशियातलं. त्याच्यापायी डचांनी तिथली माणसं कापली. मग इंग्रजांनी रोपं पळवली आणि आपल्या वसाहतींत लावली. ग्रेनाडात ते १८४३च्या सुमारास आलं म्हणतात. आमच्या विहिरीशी ते कोणत्या वाटेने आलं कोणास ठाऊक. नीरफणसाचंही तेच. गुलामांना स्वस्तात पोसायला म्हणून १७९३ साली ताहितीहून शेजारच्या सेंट व्हिन्सेंटला रोपं आणली, आणि आज इथे नारळाच्या दुधात, खारवलेल्या मासळीबरोबर, अळूची पानं वर पसरून जे शिजवतात ते ह्या देशाचं राष्ट्रीय पक्वान्न. त्यात पिवळेपणाला सॅफ्रन, म्हणजे हळद. मी दोनदा मागून घेतलं. फदफद्यात कोणी नीरफणस घातला असता तर असंच लागलं असतं. हे सगळं मला माहीत आहे. पण हे माहीत असणं म्हणजे उत्तर नव्हतं, आणि नवरा उत्तराची वाट न बघता दिवा लावायला उठला.

पुढच्या शनिवारी मी एकटीच बोगद्यातून पलीकडे गेले. आदल्या दिवशीच्या सोहळ्याने गाव सुस्तावलेलं, निम्म्या छत्र्या मिटलेल्या. ती होती. मी समोर उभी राहिले आणि शाळेत बाईंपुढे चूक कबूल करावी तसं सांगून टाकलं, की मागच्या शनिवारी मी खोटं बोलले, माझ्या भावाकडे हे झाड होतं, मी लहानपणापासून ओळखते.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या लिंबंवालीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "ऐकलंस? आणि मी बडबडले तासभर!" दोघी खो खो हसल्या. मला वाटलं झालं, सुटले. पण तिने स्टुलावरची टोपली खाली ठेवली, मला बसायला खूण केली, आणि पुढ्यातला ढीग माझ्याकडे सरकवला. "मग जाळी काढ." काढायची म्हणजे अखंड काढायची, फाटली की भाव गेला. देठाकडून नख घालून हलकेच सोडवत गेलं की ती फुलासारखी मोकळी होते. पहिल्या दोन फाटल्या. तिसरी आली. ती न बघितल्यासारखं करत बघत होती. चौथीला म्हणाली, "हं." आणि मग, लिंबंवालीचे पैसे मोजून देता देता, सहज: "तुझ्या भावाने पुन्हा लावली का?"

मला माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

"होतं, होतं म्हणतेस," ती म्हणाली. "म्हणून विचारलं."

त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला डेकवरून फोन लावला. केळशीला पहाटेचे पाच. दादा त्या वेळेला उठून चहा टाकतो, त्याच्या आवाजामागे स्टोव्हची भुरभुर आणि कुठेतरी कोंबडा. "काय गं, सगळं ठीक?" तो घाबरूनच बोलला. मी म्हटलं ठीक आहे, एक विचारायचंय. जायफळ पुन्हा लावलंस का?

"लावायचंय कशाला," तो म्हणाला. "पडलेलं झाड तोडून नेलं ना, त्याच्याच खाली रुजून आली होती. चार ठेवली, त्यातली दोन जगली. माझ्या छातीला लागतात आता."

"नर की मादी?"

"फुलं धरल्याशिवाय काय कळतंय," दादा म्हणाला. "थांब, चहा उतू जातोय."